नफा त्यांचा, पोतं आमचं : प्लास्टिकच्या धंद्यातली जात

१५ एप्रिलला पहाटे कधी बिंदू चौकात गेला आहात? १४ तारखेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने याच चौकात बाबासाहेबांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा बसला, तोही बाबासाहेब हयात असताना. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. रात्री उशिरापर्यंत अभिवादन, मिरवणुका, गाणी, ठिकठिकाणी पाणी आणि सरबताचे वाटप चालते. आणि पहाट होण्याआधी त्याच रस्त्यांवर खांद्यावर पोतं घेतलेल्या बायका येतात. आपण रात्री फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या त्या एकेक करून उचलतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे मंडळाचे साहित्य आवरायला आम्ही थांबलो होतो. एका मावशींना मी विचारलं, "मावशी, काल जयंतीला आला नव्हता का?" हातातली बाटली पायाखाली चेपत त्या म्हणाल्या, "तुमची जयंती काल झाली बाळा, आमची आज हाय बघ."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. उलट त्या खूश होत्या, कारण त्या दिवशी पोतं लवकर भरणार होतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. एकाच बापाची लेकरं आपण. एकाने पाणी प्यायचं आणि दुसरीने बाटली उचलायची, ही वाटणी कुणी केली?

आज हा विषय काढण्याचं कारण आहे. प्लास्टिक पुनर्प्रक्रियेचे दिवस आलेत. घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून कोल्हापूरच्या गल्लीबोळांत टिपरवरचे भोंगे ओरडत असतात. शाळा-कॉलेजात प्लास्टिक गोळा करण्याच्या मोहिमा निघतात. पंचगंगेच्या काठावर स्वच्छता अभियानाचे फोटो निघतात. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पाणी ओसरल्यावर झाडाझुडपांना, पुलांच्या कठड्यांना लटकलेलं प्लास्टिक आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. जयंती नाल्यातून काय वाहत जातं तेही आपल्याला ठाऊक आहे. पुराचं पाणी आधी शिरतं ते नदी-नाल्याच्या काठच्या वस्त्यांत, आणि त्या काठाला कोण राहतं हे मी तुम्हाला सांगायला नको. प्लास्टिक गोळा झालंच पाहिजे, त्यावर पुनर्प्रक्रिया झालीच पाहिजे. सवाल एवढाच आहे की या वाढत्या धंद्यात कुणाच्या वाट्याला काय येतं?

हा धंदा अचानक का वाढला?

घरातलं प्लास्टिक आपल्याला कचरा वाटतं. बाजाराच्या लेखी तो कच्चा माल आहे. पूर्वीही होता, पण मागच्या काही वर्षांत कायद्याने त्याला मोठी गिऱ्हाईकं मिळवून दिली. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी घातली. त्यापेक्षाही मोठी गोष्ट फेब्रुवारी २०२२ मध्ये घडली. उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे, म्हणजे ईपीआरचे नियम आले. जी कंपनी प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकते, तिने तेवढं प्लास्टिक परत गोळा होऊन त्याची विल्हेवाट लागल्याचा पुरावा द्यायचा. हे उद्दिष्ट २०२१-२२ ला २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के. शिवाय बाटल्या-डब्यांसारख्या कडक वेष्टनात २०२५-२६ पासून ३० टक्के जुनं प्लास्टिक वापरायचं आणि २०२८-२९ पर्यंत ते ६० टक्क्यांवर न्यायचं, असंही ठरलं.

याचा साधा अर्थ समजून घ्या. रिकाम्या बाटलीला आता दोन किमती आहेत. एक किंमत तिच्यापासून बनणाऱ्या दाण्याची. दुसरी किंमत तिच्यावर प्रक्रिया झाल्याच्या प्रमाणपत्राची. हे प्रमाणपत्र नोंदणी असलेला कारखाना काढतो आणि कंपन्या ते विकत घेतात. म्हणजे प्लास्टिकबरोबर त्याचा कागदही विकला जातो. कागद विकला जातो तिथे काय होतं हे या देशात कुणाला सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही कारखान्यांनी मिळून सुमारे ६ लाख बोगस प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. बाटली न उचलता बाटलीचे पैसे!

आता ज्या मावशींनी खरी बाटली उचलली त्यांचा हिशोब करू. एक लिटरची रिकामी बाटली भरते वीस-पंचवीस ग्रॅम. एक किलो व्हायला चाळीस-पन्नास बाटल्या उचलाव्या लागतात, म्हणजे तितक्या वेळा वाकावं लागतं. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या किलोभर व्हायला तीनशेच्या आसपास लागतात. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाची रिकामी पिशवी परत केल्यावर किमान ५० पैसे द्यायची तरतूद होती. तुमच्या दारातल्या दूधवाल्याने ते पैसे किती वेळा परत दिले, आठवून पाहा. कुरकुऱ्याच्या, शाम्पूच्या चकचकीत पुड्यांना तर भंगारवाला हातही लावत नाही, कारण त्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्या पुड्या बाजूला काढण्याची मेहनतही याच बायकांची, आणि ती फुकट.

ही सगळी मेहनत पोत्यातून भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. तिथून मोठा व्यापारी, मग एमआयडीसीतला दाण्याचा कारखाना, मग कंपनी. प्रत्येक पायरीवर भाव वाढतो. मावशींच्या हातात किलोमागे काही रुपये. जगभर पुनर्प्रक्रियेसाठी गोळा होणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ६० टक्के प्लास्टिक कचरा वेचणारी माणसं गोळा करतात, असा २०२० सालचा एक आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. म्हणजे हा उद्योग त्यांच्या पाठीवर उभा आहे. पण ज्या सरकारी पोर्टलवर कंपन्यांची नावं आहेत, कारखान्यांची नावं आहेत, तिथे मावशींसाठी रकानाच नाही.

हे अडाण्याचं काम नाही

काही मित्र म्हणतात, कचरा वेचायला काय अक्कल लागते? या मित्रांनी एक दिवस वर्गीकरणाला बसावं. बाटलीचं प्लास्टिक वेगळं, तिच्या झाकणाचं वेगळं. तेलाचा कॅन वेगळा, पिशवी वेगळी, पाइप वेगळा. मावशी हाताने दाबून, चुरगळल्याचा आवाज ऐकून सांगतात हे काय आहे. कशाचा तुकडा पाण्यात तरंगतो आणि कशाचा बुडतो हे त्यांना पाठ असतं. बाटल्यांच्या ढिगात पीव्हीसीचे थोडे तुकडे गेले तरी अख्खा घाणा बिघडतो. इंजिनिअरिंग कॉलेजात हेच ज्ञान 'पॉलिमर' म्हणून शिकवतात आणि त्याची पदवी देतात. मावशींकडे असलं की त्याला कौशल्य म्हणत नाहीत, नशीब म्हणतात. ज्ञान कुणाकडे आहे यावरून त्याची किंमत ठरणं, हीच तर जातव्यवस्था.

आणि हे काम करतं कोण? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बायका आपल्याच वस्त्यांतल्या, नाहीतर भटक्या-विमुक्तांच्या पालांवरच्या आहेत. पुण्यातल्या कचरावेचकांच्या संघटनेतही बहुसंख्य दलित स्त्रियाच आहेत. गटार आणि सेप्टिक टाक्यांच्या सफाई कामगारांची केंद्राने केलेली मोजणी २०२४ मध्ये बाहेर आली, तेव्हा ३८ हजार कामगारांपैकी सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातीचे निघाले. अनुसूचित जमाती आणि ओबीसी धरले तर आकडा ९२ टक्क्यांवर जातो. शतकं लोटली, घाण कुणी उचलायची याचं उत्तर बदललेलं नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त सांगितलं की जात ही कामाची विभागणी राहत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी होऊन बसते. कचऱ्याच्या ढिगावर जा, तुम्हाला ते पुस्तक न वाचताच समजेल.

मग हे काम सोडायचं की त्यावर हक्क सांगायचा?

इथे आपल्या चळवळीतला खरा वाद सुरू होतो, आणि तो टाळून चालणार नाही.

एक बाजू म्हणते, बाबासाहेबांनी घाणेरडी कामं सोडा असं सांगितलं. १९२७ साली महाडला त्यांनी मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडायला लावलं. त्याआधी याच करवीर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१८ साली महार वतन रद्द करून पिढीजात वेठ मोडली. आणि आता तुम्ही म्हणता कचऱ्यावर हक्क सांगा? ही तर उलटी वाट झाली.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेनंतर बाबासाहेबांनी केलेलं भाषण पुन्हा काढून वाचा. त्यात त्यांनी याच प्रश्नाची आठवण सांगितली आहे. ढोरं ओढणं सोडलं तर कातडं, शिंगं, हाडं यांच्या पैशाला तुमची माणसं मुकतील, असा हिशोब त्यांच्यापुढे मांडण्यात आला होता. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय सरळ होता : एवढा फायदा असेल तर तुम्हीच का नाही उचलत? या आव्हानाला तेव्हा कुणी पुढे आलं नाही. कारण त्या फायद्याबरोबर ढोर ओढणं यायचं, आणि ढोर ओढण्याबरोबर अस्पृश्यता.

आज काय झालं आहे? आज ते आव्हान स्वीकारलं गेलं आहे, पण अर्धंच. फायदा त्यांनी घेतला आणि उचलणं आपल्याकडेच ठेवलं. ढोराचं कातडं त्यांच्या गोदामात आणि ढोर मात्र आपल्या खांद्यावर, असा हा सौदा आहे. कचऱ्यात पैसा नव्हता तोपर्यंत कुणी विचारत नव्हतं. पैसा दिसला तशा निविदा निघाल्या, ठेके निघाले, स्टार्टअप निघाले. कोंडाळी हटली, ते चांगलंच झालं. पण कोंडाळ्याबरोबर तिथे वेचणाऱ्या बाईची रोजीही गेली आणि ती कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. काल जो कचरा कुणाचाच नव्हता तो आज ठेकेदाराचा झाला. ती डेपोच्या फाटकाशी गेली तर चोर ठरते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की सोडणं आणि हक्क सांगणं यांत विरोध नाही. दोन्ही एकाच वेळी मागायचं. पुढच्या पिढीने हे काम जन्मामुळे करता कामा नये, ही पहिली मागणी. आजची पिढी करते आहे तोवर त्यातून निघणाऱ्या पैशावर तिची मालकी हवी, ही दुसरी. दुसरी मागणी सोडली तर पहिलीही हाती लागत नाही. कारण हाती पैसा नसलेली आई पोराला शाळेतून काढते आणि त्याच्या हातात पोतं देते. आपण फक्त "हे काम सोडा" म्हटलं आणि दुसरं काम दिलं नाही, तर मावशी उपाशी मरतील आणि ठेकेदार हसेल.

एक धोका आणखी आहे. या बायकांना 'स्वच्छतादूत' म्हणायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड्या हाताने सुया आणि काचा वेचायला लावायचं. सफाईच्या कामाला पुण्यकर्म म्हणण्याचा गांधीजींचा मार्ग बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात खोडून काढला. काम थोर असेल तर त्याचे पैसे द्या, आणि ते सोडायची मोकळीकही द्या. त्यांनी स्वतः १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. कामगाराला त्यांनी देव्हाऱ्यात बसवलं नाही, संघटित केलं.

हे होऊ शकतं

पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली. आधी ओळखपत्रं मिळवली. पुढे त्याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. बायका दारोदार कचरा घेतात, घराकडून महिन्याचा आकार मिळतो, आणि सुका माल विकण्याचा हक्क त्यांचाच. तिथेही सगळं सुरळीत नाही. करार संपत आला की ठेकेदारीची तलवार पुन्हा डोक्यावर येते आणि पुन्हा रस्त्यावर उतरावं लागतं. पण त्या बाईला आज पोलीस चोर म्हणत नाही, हे थोडं नाही.

परदेशातलं उदाहरण हवं असेल तर कोलंबियाची राजधानी बोगोटा घ्या. तिथले कचरावेचक घटनात्मक न्यायालयात गेले, आणि २०१३ पासून गोळा केलेल्या मालाच्या टनामागे त्यांना सार्वजनिक पैशातून मोबदला मिळू लागला. घटनेच्या जोरावर कचरावेचक महापालिकेला झुकवू शकतात. मग ज्यांच्या बापाने घटना लिहिली त्यांनी गप्प का बसायचं?

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना ओळख देण्याची आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. २०२४ मध्ये केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत कचरावेचकांचा समावेश झाला. नोंदणी, सुरक्षेची साधनं आणि आरोग्य विमा त्यात येतो. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, आणि तिला जातीची अट नाही. कोल्हापुरात 'अवनि'सारख्या संस्थेने कष्टकऱ्यांच्या मुलांना शाळेत आणण्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळला आहे. पण हे एकट्या संस्थेचं काम नाही. हे चळवळीचं काम आहे.

म्हणून, भाषण पुरे, काम सांगतो

एक. आपापल्या वॉर्डातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांची यादी करा. एका रविवारी होईल. आधार कार्ड, बँक खातं, जातीचा दाखला यांपैकी काय नाही ते लिहा, आणि यादी घेऊन महापालिकेच्या दारात जा. 'नमस्ते'खाली कोल्हापुरात किती कचरावेचकांची नोंद झाली, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात.

दोन. रोज दोनशे टनांच्या आसपास कचरा निघणाऱ्या या शहरात सुका कचरा वेगळा करण्याची केंद्रं वॉर्डावॉर्डांत हवीत, आणि ती चालवायला या बायकांच्या सहकारी संस्थांनाच द्यावीत. मागासवर्गीय औद्योगिक सहकारी संस्थांसाठी सामाजिक न्याय विभागाची योजना आहे. तिच्या कागदावर आपली नावं आणि पैसा दुसऱ्याच्या खिशात, असे प्रकार किती झाले ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून संचालक मंडळावर पोतं उचललेली बाई हवी, आणि सही करण्याआधी तिला कागद वाचून दाखवणारा एक शिकलेला पोरगा हवा. तो पोरगा तुम्ही व्हा.

तीन. प्रमाणपत्राच्या पैशात वाटा मागा. जो कारखाना प्रमाणपत्र विकतो त्याने माल कुणाकडून, काय भावाने घेतला हे दाखवलं पाहिजे, अशी मागणी प्रत्येक निवेदनात लिहा.

चार. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्या. वस्तीतल्या एका पोरीचा अर्ज भरणं हे शंभर स्टेटस ठेवण्यापेक्षा मोठं अभिवादन आहे.

पाच. आणि हे सगळ्यात जवळचं. जयंतीला पाण्याच्या बाटल्या वाटू नका, पिंप आणि पेले ठेवा. जिथे बाटल्या येतीलच तिथे वेगळी पोती लावा, आणि आवरायला मंडळाच्या कार्यकर्त्यांनी थांबायचं. आपल्यातले जे शिकले, फ्लॅटमध्ये गेले, त्यांनीही आपल्या घरातून काय आणि कसं बाहेर जातं ते बघावं. खरकट्यात माखलेली पिशवी आपण टिपरमध्ये टाकतो, तेव्हा कुणाची तरी आई त्यात हात घालते. ती आपल्याच कुणाच्या तरी नात्यातली निघण्याची शक्यता किती आहे, हे मनाशी विचारा.

मार्च १९२० मध्ये माणगावला राजर्षी शाहूंनी आपल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. पुढारी मिळाला, घटना मिळाली, बिंदू चौकात पुतळाही उभा राहिला. राहिलं ते आपलं काम. येत्या जयंतीला, १५ एप्रिलच्या पहाटे, मला त्या मावशी बिंदू चौकात पोतं घेऊन भेटायला नको आहेत. त्या १४ तारखेलाच भेटाव्यात, नवं लुगडं नेसून, हातात फूल घेऊन, आपल्या पुढच्या रांगेत.

जय भीम!